घरातील चालण्याची रोजकीर्द
ज्येष्ठ नागरिकांच्या दैनंदिन हालचाली आणि संवेदकांचा उपयोग

ताळेबंदात दिसणारा तोटा एका दिवसात झालेला नसतो. त्याच्या नोंदी रोजकीर्दीत आधीच पडलेल्या असतात, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. खुब्याचे हाड मोडून रुग्णालयात दाखल होणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत हेच वारंवार अनुभवास येते. "आजी घरात कशा चालत होत्या?" या प्रश्नाला नातेवाईक "तशा चालत्या-फिरत्या होत्या" असे उत्तर देतात. अधिक विचारपूस केली की उलगडा होतो. देवळात जाणे थांबले होते, मग अंगण सुटले, मग भिंतीचा आधार लागू लागला. तोटा सुरू झाला होता. त्याची नोंद मात्र कोणी केली नव्हती. अशी नोंद घरातच आपोआप ठेवणाऱ्या साधनांचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कार्यपद्धती

मानवी शरीरातून उष्णतेचे अदृश्य किरण सतत बाहेर पडतात. माणूस हलला की त्यांत होणारा बदल भिंतीवरील छोटा संवेदक, म्हणजेच सेन्सर, टिपतो आणि वेळेसह नोंदवतो. तो छायाचित्र घेत नाही, संभाषणही ऐकत नाही. अमेरिकेतील पोर्टलंड येथील ओरेगन आरोग्य व विज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी घरांच्या छतांवर असे संवेदक ओळीने बसवले. एका संवेदकापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून चालण्याचा वेग रोजच्या रोज कळू लागला. जपानमध्ये २००१ साली झोजिरुशी कंपनीने याहून साधा मार्ग काढला. वृद्ध व्यक्तीने चहासाठी पाण्याची विजेची किटली वापरली की त्याची माहिती दूर राहणाऱ्या मुलांना मिळे.

वेगाचे महत्त्व

६५ वर्षांवरील ३४,४८५ व्यक्तींच्या माहितीचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, चालण्याचा वेग आणि पुढील आयुर्मान यांचा निकटचा संबंध आहे. चार मीटर अंतरास पाच सेकंद लागल्यास वेग सेकंदाला ०.८ मीटर होतो. वेग याहून कमी असल्यास वैद्यकीय तपासणी करून घेणे हिताचे. तथापि, एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याच व्यक्तीच्या मागील महिन्याशी केलेली तुलना अधिक बोलकी असते. रात्री शौचालयाच्या फेऱ्या एकाएकी वाढल्या, तर तीही डॉक्टरांना सांगण्याजोगी बाब आहे.

मर्यादा

पोर्टलंडमधील अनुभव आपल्या घरांना जसाच्या तसा लागू होणार नाही. भिंतीवरील संवेदकाला आजी कोण आणि नात कोण हे कळत नाही. त्यामुळे एकट्या राहणाऱ्या व्यक्तीच्या घरी तो जितका उपयोगी, तितका भरल्या घरात नाही. विदर्भातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचते, तेव्हा त्याची टिपण्याची क्षमता मंदावते. शिवाय नोंद म्हणजे उपचार नव्हे. सूचना आल्यावर दार ठोठावणारा शेजारी किंवा नातेवाईक आधीच ठरलेला नसेल, तर ती सूचना न उघडलेल्या पत्रासारखी पडून राहते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न संमतीचा आहे. परगावी असलेल्या मुलांच्या निश्चिंतीसाठी आई-वडिलांच्या घरात त्यांना न विचारता यंत्र बसवणे योग्य नव्हे. काय नोंदले जाईल, ते कोण पाहील आणि नको वाटल्यास ते कसे बंद करता येईल, हे त्यांना समजावून सांगावे. त्यांनी नकार दिल्यास त्याचा मान राखावा.

आज करता येण्याजोगे

यंत्र नसले तरी नोंद थांबण्याचे कारण नाही. घरातील मोकळ्या, कोरड्या जागेत चार मीटरच्या दोन खुणा कराव्यात. दर महिन्याला एकदा, कोणीतरी सोबत असताना, ज्येष्ठांना नेहमीच्या चालीने चालू द्यावे, घड्याळ लावावे आणि सेकंद वहीत लिहावेत. तपासणीस येताना ती वही अवश्य आणावी. "तशा चालत्या-फिरत्या आहेत" या उत्तरापेक्षा त्या वहीतील चार ओळी डॉक्टरांना अधिक सांगतील, आणि कदाचित एखादे मोडणारे हाड वाचेल.