गुलमोहोर : लागवड व जोपासना

वैशाखाच्या उन्हात लाल फुलांनी बहरणारा गुलमोहोर आज भारतभर आढळत असला, तरी तो मूळचा मादागास्कर बेटावरील आहे. बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या वर्णनावरून हुकर यांनी १८२९ साली त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. हा वृक्ष पानझडी आहे. कोरड्या ऋतूत तो पाने गाळतो व त्यामुळे पानांवाटे होणारा पाण्याचा व्यय थांबतो.

रोप तयार करणे : गुलमोहोराच्या बियांचे कवच अतिशय कठीण असल्याने पाणी आत सहजासहजी शिरत नाही. म्हणून बियांवर कढत पाणी ओतून त्या दिवसभर त्यातच भिजू द्याव्यात किंवा बीचे एक टोक कानशीने किंचित घासावे. फुगलेल्या बिया पिशवीत पेराव्यात. पावसाळ्याच्या आरंभी रोप ६० सेंमी लांब, रुंद व खोल खड्ड्यात, माती व कुजलेले शेणखत भरून लावावे. त्यास भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन लागते. उत्तर भारतात कोवळ्या रोपांचे कडाक्याच्या थंडीपासून रक्षण करावे.

जागेची निवड : जो वृक्ष झपाट्याने वाढतो, त्याचे लाकूड बहुधा ठिसूळ असते. गुलमोहोरही यास अपवाद नाही. शिवाय त्याची मुळे खोल न जाता पृष्ठभागालगत दूरवर पसरतात. म्हणून शाळेची इमारत, कुंपणाची भिंत, जलवाहिनी व विजेच्या तारा यांपासून तो निदान १० मीटर दूर असावा. खोडाभोवती फरसबंदी केली किंवा जवळून चर खणून मुळे तोडली, तर झाडाचा आधार जातो आणि वळवाच्या वादळात ते उन्मळून पडण्याचा धोका वाढतो.

छाटणी : पहिली दोन-तीन वर्षे एकच सरळ खोड राखावे व खालच्या फांद्या क्रमाक्रमाने काढाव्यात. दोन फांद्या अरुंद कोनात फुटल्या, तर त्यांच्यामध्ये साल अडकून जोड कच्चा राहतो. अशांपैकी एक फांदी बोटाएवढी जाड असतानाच छाटावी. लहान जखम लवकर भरून येते, तर जुनी फांदी तोडल्यास मोठ्या जखमेतून कूज खोडात शिरते.

वाढलेल्या वृक्षास फारशी निगा लागत नाही. तथापि पावसाळ्यापूर्वी वाळलेल्या फांद्या काढून टाकणे, हे सावलीत बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक होय.