बोळा काढा, खिडकी लावा

पुण्यात सध्या गल्लोगल्ली एखादी जुनी सोसायटी पाडली जाते आहे. त्यामुळे तान्ह्या बाळांना घेऊन येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, शेजारी दिवसभर ब्रेकर चालतो, बाळाचे कान जातील का हो?’ काळजी रास्त आहे. पण मी पाहते ते असं, की आवाजाने बाळाचं जेवढं बिघडत नाही तेवढं आवाजावर घरी केलेल्या उपायांनी बिघडतं. त्यात पहिला मान तेलात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याचा.

बोळा आवाज अडवत नाही. सैल कापसातून आवाज सहज आत शिरतो, आणि ब्रेकरची ती घुमणारी घरघर तर जवळजवळ सगळीच. तेलाने होतं ते एवढंच, की बाळाच्या कानाची चिंचोळी नळी ओलसर राहते आणि बुरशीला आयतं घर मिळतं.

मागच्या पावसाळ्यात तीन आठवड्यांचं एक बाळ आलं होतं. कान वाहत होता. ‘आवाजानं पडदा फाटला’ असं आजींनी घरीच ठरवून टाकलं होतं. आत पाहिलं तर बोळ्याचा तुकडा खोल रुतलेला, तेलाने चिकट झालेला, त्यावर सिमेंटची करडी धूळ आणि नळीच्या कडेला बुरशीचा पांढरट थर. पडदा शाबूत होता. ‘आमच्या चौघांना घातला, त्यांना काय झालं?’ आजींनी विचारलंच. काही झालं नाही, हे त्यांचं नशीब. बोळ्याचा त्यात काही हात नव्हता. बाळ दहा दिवसांत बरं झालं. आजी अजून माझ्यावर जरा नाराजच आहेत.

आता धीराची गोष्ट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, आणि खिडकी घट्ट लावली की आणखी बराच. कारखान्यात कानाला धोका मानतात तो रोज आठ तास 85 डेसिबलच्या पातळीवर. शेजारच्या प्लॉटवरचा आवाज बंद खिडकीआड सहसा तिथवर पोचत नाही. डोकं उठवतो, पण कान नेत नाही. अपवाद एकच : तुमच्याच भिंतीपलीकडे किंवा डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये लाद्या फोडत असतील तर उपाय शोधत बसू नका. तेवढे तास बाळ-बाळंतिणीला माहेरी किंवा मावशीकडे हलवा. एरवी रस्त्याच्या उलट बाजूची खोली पुरते.

बाळ दचकतं, हात फेकतं, म्हणून घाबरून दृष्ट काढणारी मंडळी आहेत. पहिल्या चार-सहा महिन्यांत असं दचकणं अगदी नैसर्गिक आहे. उलट, बाळ ब्रेकरच्या आवाजातही झोपलं की ‘ऐकू येत नाही वाटतं’ म्हणून कानाशी ताट वाजवणारेही आहेत. गाढ झोपेतलं बाळ त्याच त्या आवाजाला सरावतं. शंका असो वा नसो, पहिल्या महिन्यात ओएई ही श्रवणचाचणी करून घ्या. दोन मिनिटांचं, न दुखणारं काम आहे. ताट जेवायला ठेवा.

मोबाइलवरच्या त्या ‘व्हाइट नॉइज’चं काय? पाळण्यात उशाशी फोन ठेवून धबधबा लावायचा, म्हणजे बाहेरचा आवाज झाकायला घरात दुसरा आणायचा. 2014 साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात बाळांसाठी विकली जाणारी अशी 14 यंत्रं तपासली होती. पूर्ण आवाजावर आणि जवळून मोजल्यावर तीन यंत्रं 85 डेसिबलच्या वर गेली. लावायचंच असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, अगदी हळू, आणि बाळ झोपलं की बंद.

झोप लागावी म्हणून उगाळलेलं जायफळ किंवा सर्दीचं सिरप देणाऱ्यांशी मात्र मी गोड बोलत नाही. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, गुटीसुद्धा नाही. सर्दीची काही मिश्र सिरपं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा बाटलीवर छापायला सरकारने 2023 मध्ये सांगितलं. तुम्ही ते तीन आठवड्यांच्या बाळाला चमच्याने पाजताय!

आवाजापेक्षा मला धुळीची भीती जास्त वाटते. कटर चालू असताना खिडक्या बंद हव्यात, झाडूऐवजी ओलं फडकं हवं, आणि काम थांबलं की घर उघडून हवा खेळती करायला हवी. बंद खोलीत शेगडी आणि ओव्याची धुरी अजिबात नको. बाहेरून सिमेंट, आतून धूर. बाळाने श्वास घ्यायचा कुठे?

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 60 किंवा जास्त भरले तर परत मोजा, आणि तेवढेच आले तर लगेच निघा. छाती आत ओढली जाणं, दूध ओढेनासं होणं, 100.4 फॅरनहाइट किंवा त्यावर ताप, अंग गार पडणं, हलवूनही नीट जागं न होणं, ही लक्षणं दिसली तरी तसंच. दचकणं क्षणभराचं असतं. हातपाय एका लयीत झटके देत असतील आणि धरूनही थांबत नसतील तर ती फिट असू शकते. मला व्हिडिओ पाठवून उत्तराची वाट पाहू नका, रिक्षा करा.

रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाचे नियम कडक आहेत : 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री काँक्रीटचा मिक्सर घरघरत असेल तर पोलिसांना फोन करा, आणि तो बाळंतिणीला करायला लावू नका. बाळ तसंही दोन-तीन तासांनी उठणारच. दिवसा डोळा लागू न देणारा ब्रेकर खरा सोसते ती आई. दोन आठवडे ती रोज रडत असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, ‘मला हे जमत नाही’ असं म्हणत असेल, तर पुढच्या लसीच्या तारखेची वाट न पाहता तिलाच घेऊन या.