फळांच्या सालींनीं रंगाचें पाणी निवळतें काय?

संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत व मृग बहार फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बाजारांत येतो. त्या दिवसांत रसाच्या दुकानांमागें व जत्रांच्या मैदानांत सालींचे ढीग कुजत पडलेले आपण पाहतों. या टाकाऊ सालींनीं कापड रंगविण्याच्या कारखान्यांतील रंगीत सांडपाणी स्वच्छ करतां येतें, असें अलीकडे पुष्कळ ठिकाणीं सांगण्यांत येतें. हें सांगणें खोटें नाहीं. पण अर्धें आहे. उरलेल्या अर्ध्याशीं ज्याच्या विहिरीला तें पाणी लागतें त्याचा नफानुकसान बांधलेला असल्यामुळें त्याचा हिशेब येथें मांडीत आहें.

हिवरा आश्रमाच्या आसपास कापूस पिकतो. परंतु कापड रंगतें तें इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी अशा दूरच्या गांवीं. सबब रंगाच्या नाल्याचा त्रास आपणांपैकीं बहुतेकांस ऐकूनच ठाऊक आहे. ही स्थिति मात्र पालटूं लागली आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथें कापडधंद्याची वसाहत उभी आहेच. शिवाय २० सप्टेंबर २०२४ रोजीं त्या जिल्ह्यांतील पीएम मित्र या सुमारें १००० एकरांच्या वस्त्रोद्यानाची कोनशिला बसविण्यांत आली. वरूड-मोर्शीचा संत्र्याचा मुलूखही त्याच जिल्ह्यांत. तेव्हां साल आणि रंगाचें पाणी हीं दोन्ही वऱ्हाडांत शेजारीं शेजारीं येणार, हें धरून चालावें.

फळाची साल व रंग यांची ओळख नवी नाहीं. जुने रंगारी सुती कापडाला आधीं हिरड्याचें किंवा डाळिंबाच्या सालीचें पाणी व तुरटी देत, आणि मग रंग चढवीत. सालींतील तुरट द्रव्य रंगाला धरून ठेवी. १८५६ सालीं पर्किन या इंग्रज रसायनज्ञानें पहिला कृत्रिम रंग काढला, १८६९ च्या सुमारास मंजिष्ठेचें तांबडें द्रव्य प्रयोगशाळेंत तयार झालें, आणि आलीच्या मुळांपासून तांबडा रंग काढणाऱ्यांचा धंदा पुढें बसला. कापडावर रंग टिकविण्यासाठीं जो गुण वापरला जाई, तोच आतां पाण्यांतून रंग काढण्यासाठीं वापरावयाचा, एवढाच यांत फरक.

ही क्रिया कशी घडते तें पाहूं. सालींत काष्ठतंतु व पेक्टिन हीं द्रव्यें असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युद्भाराच्या जागा असतात, आणि मेथिलीन ब्ल्यूसारख्या बेसिक जातीच्या रंगाचे कण धनभाराचे असतात. लोहचुंबकाला कीस चिकटावा तसे ते सालीला येऊन चिकटतात. स्पंजानें पाणी शोषावें तसें हें शोषण नव्हे. येथें रंग केवळ पृष्ठभागावर बसतो, म्हणून यास अधिशोषण म्हणतात. यावरून दोन गोष्टी उघड होतात. साल जितकी बारीक, तितकी जागा अधिक. आणि जागा भरल्या कीं साल निरुपयोगी. ज्या रंगांचा भार सालीप्रमाणेंच ऋण असतो ते मात्र सहज जवळ येत नाहींत. त्यांच्यासाठीं पाणी आंबट करावें लागतें. आजच्या सुती कापडावर मुख्यतः चालणारे रिॲक्टिव्ह रंग, जे १९५६ सालीं प्रथम बाजारांत आले, ते नेमके या दुसऱ्या वर्गांतले आहेत.

कोइमतूर येथील भारतियार विद्यापीठांत नामशिवायम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संत्र्याच्या सालीवर केलेले प्रयोग १९९६ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत एक ग्रॅम सालीनें काँगो रेड हा रंग सुमारें २२ मिलिग्रॅम धरला. पण प्रोशियन ऑरेंज हा रिॲक्टिव्ह रंग केवळ १.३ मिलिग्रॅम. ज्यानें जन्मभर आणेवारी व वसुलीचीं कोष्टकें भरलीं त्याला असे आंकडे पुढें येतांच बेरीज केल्यावांचून राहवत नाहीं. समजा, एका लिटर पाण्यांत १०० मिलिग्रॅम रंग आहे. असें १००० लिटर पाणी काँगो रेडचें असेल तर साडेचार किलो वाळकी साल पुरेल. प्रोशियन ऑरेंजचें असेल तर ७७ किलो लागेल. ओल्या सालीचें वाळून चौथा-पांचवा हिस्साच वजन उरतें. म्हणजे ओली साल तीनशें ते चारशें किलो! आणि हजार लिटर म्हणजे पाण्याचा एक लहान टँकर. कारखान्याचें पाणी रोज लाखों लिटरांनीं मोजतात. साल जाळून तिचा कोळसा केल्यास धरण्याची शक्ति पुष्कळ वाढवितां येते. पण मग भट्टी आली, जळण आलें, आणि फुकटची साल फुकटची राहिली नाहीं.

ज्यांना स्वतः पडताळून पाहावयाचें असेल त्यांनीं घरचा प्रयोग अवश्य करावा. संत्र्याची किंवा केळाची साल धुऊन, बारीक चिरून, कडक उन्हांत कडकडीत वाळवावी व जाड रव्याइतकी दळावी. हा भुगा गरम पाण्यानें दोन-तीन वेळां धुवावा. पाणी पिवळें येण्याचें थांबल्यावर पुन्हा वाळवावा. ही पायरी पुष्कळ लोक गाळतात, आणि मग सालीचाच पिवळेपणा व आंबूस घाण पाण्यांत उतरते. नंतर कपडे रंगविण्याची चिमूटभर पूड पाण्यांत मिसळून तें पाणी दोन सारख्या कांचेच्या बरण्यांत लिटर लिटर घ्यावें. एकींत दहा ग्रॅम भुगा टाकून तासभर अधूनमधून ढवळावें, दुसरी तशीच ठेवावी. मग दोन्ही दुहेरी फडक्यांतून गाळून पांढऱ्या कागदासमोर धराव्या. फरक थोडा दिसल्यास नव्या पाण्यांत लिंबू पिळून हाच प्रयोग पुन्हा करावा. हातांत रबरी मोजे असावे, आणि हीं भांडीं पुन्हा स्वयंपाकघरांत नेऊं नयेत.

आतां मुख्य मुद्दा. बरणींतील पाणी अगदीं नितळ दिसलें, तरी तें पिकाला देण्याजोगें झालें असें समजूं नये. रिॲक्टिव्ह रंग कापडावर चढावा म्हणून रंगारी दर लिटरला चाळीस-पन्नास ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक मीठ घालतात, व रंग पक्का बसावा म्हणून सोडा घालतात. साल रंग धरील. मीठ धरीत नाहीं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत ज्यांचे सोयरेधायरे आहेत त्यांना सोडियमचा परिणाम सांगावयास नको: काळी जमीन चिकट होऊन घट्ट बसते, पाणी मुरत नाहीं, आणि वाळल्यावर ढेकूळ फुटत नाहीं. रंगावरून पाण्याची परीक्षा करणें कसें फसवें असतें हें आपल्या शेजारच्या लोणार सरोवरानेंही दाखविलें. जून २०२० मध्यें तेथील पाणी गुलाबी झालें तेव्हां नाना तर्क निघाले. तपासणींत तो रंग क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा निघाला. पाण्याची विद्युत्वाहकता मोजवून घ्यावी. ती दर सेंटिमीटरला ७५० मायक्रोम्होच्या आंत असल्यास चिंता थोडी. २२५० च्या वर गेल्यास तें पाणी नेहमींच्या ओलितास अयोग्य, मग तें कितीही स्वच्छ दिसो.

वापरलेल्या सालीचें काय करावें, हें सालीची स्तुति करणारे बहुधा सांगत नाहींत. रंग नाहींसा झालेला नसतो, तो सालींत बसलेला असतो. कांहीं रंगांत तांबें किंवा क्रोमियम असतें, आणि ॲझो जातीच्या कांहीं रंगांपासून कुजतांना विषारी द्रव्यें सुटतात. म्हणून ती साल उकिरड्यावर, गांडूळखताच्या वाफ्यांत, गुरांपुढें किंवा चुलींत कदापि जाऊं देऊं नये. कारखान्याच्या घातक कचऱ्याबरोबरच तिची विल्हेवाट लागली पाहिजे. यास्तव हें काम शेतकऱ्याच्या बांधावर होण्यासारखें नाहीं. तें रंगाऱ्याच्या आवारांत, त्याच्या खर्चानें, मुख्य शुद्धीकरणानंतरची शेवटची गाळणी म्हणून झालें तर शोभतें. कोणी सालीला गिऱ्हाईक म्हणून आला तर भाव ठरवितांना तिचें खत व चारा म्हणून काय मोल होतें तें आधीं काढावें, आणि वाळविण्याची मजुरी त्यांत धरावी.

आणि नाल्याला रंगाचें पाणी आलेंच, तर सालीच्या नादांत दिवस घालवूं नयेत. स्वच्छ बाटलींत त्याच पाण्यानें दोनदां विसळून नमुना भरावा, बाटलीवर तारीख, वेळ व गट नंबर लिहावा, सावलींत थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेंत पोंचवावा. नाल्याच्या वरच्या बाजूचा, जेथें रंग नाहीं तेथलाही, एक नमुना सोबत घ्यावा. तुलनेवांचून नुसत्या आंकड्याला कचेरींत वजन येत नाहीं. ग्रामपंचायतीच्या दोन पंचांसमक्ष पंचनामा करून त्याची प्रत जोडावी, आणि जल अधिनियम १९७४ चा उल्लेख करून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोंच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरूं नये.