'प्रोट्रूड' : शब्द आणि धोका

बांधकामाच्या लोखंडी गजांनी भरलेला ट्रक देवनारच्या रस्त्यावर उभा आहे आणि त्याच्या मागच्या फळीबाहेर गजांची टोके आली आहेत, असे समजा. या 'बाहेर येण्या'ला इंग्रजीत 'प्रोट्रूड' हे क्रियापद आहे.

हा शब्द लॅटिनमधून आला. 'प्रो' म्हणजे पुढे, 'ट्रूडेरे' म्हणजे ढकलणे. 'इंट्रूड' म्हणजे आत घुसणे आणि 'एक्स्ट्रूड' म्हणजे साच्यातून दाबून बाहेर काढणे, हे त्याचेच भाऊबंद. सोऱ्यातून चकली पडते ते 'एक्स्ट्रूजन'च! खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टीही तशीच तयार होते.

'प्रोट्रूड' हे बहुधा अकर्मक वापरतात व त्याच्यापुढे 'फ्रॉम' येते. हा 'फ्रॉम' महत्त्वाचा आहे. कशापासून बाहेर, हे ठरल्याशिवाय किती बाहेर, हे मोजता येत नाही. 30 सेंमीची पट्टी टेबलाच्या कडेपासून 10 सेंमी बाहेर आहे, असे म्हटले तरच वाक्याला अर्थ येतो.

आता पुन्हा ट्रककडे वळू. मागून येणारा स्कूटरवाला अंतराचा अंदाज घेतो तो ट्रकच्या फळीवरून. गज 1 मीटर बाहेर असेल तर त्याचे टोक तेवढेच जवळ असते. पण गजाची लांबी नेमकी दृष्टीच्या रेषेत असल्याने ती दिसत नाही; दिसतो फक्त त्याचा गोल छेद. 12 मिमी व्यासाचा छेद 40 मीटरवरून डोळ्याशी सुमारे 1/60 अंशाचा कोन करतो. निरोगी डोळ्याची बारकावे ओळखण्याची मर्यादाही साधारण एवढीच आहे. ताशी 40 किमी वेगाने हे अंतर 4 सेकंदांच्या आत संपते!

म्हणूनच, वाहनाबाहेर गज काढून नेण्याची केंद्रीय मोटार वाहन नियमांतील जुनी सवलत 2014 मध्ये काढून टाकण्यात आली.

एक प्रयोग करून पाहा. मित्राला दहा पावलांवर उभे करा. त्याने पेन्सिल प्रथम आडवी धरावी, मग तिचे बोथट टोक तुमच्याकडे करावे. दोन्ही वेळा पेन्सिलीची लांबी सांगण्याचा प्रयत्न करा. दुसऱ्या वेळी उत्तर का चुकते, हे वर्गात समजावून सांगा. मग 'प्रोट्रूड'चा अर्थ पाठ करावा लागणार नाही.