मेखांचीही नावानिशी नोंद

आजचे शास्त्रवाचन : गणना 4:29-33

आजचा उतारा आपण बहुतेक जण भराभर वाचून पुढे जातो. फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, मेखा, तणावे... अगदी शिफ्टिंगची यादी! निवासमंडप हलवताना हे सगळं वाहायचं काम मरारीच्या वंशजांचं. पण 32 वं वचन नीट वाचा. कोणी काय वाहायचं ते नावानिशी नेमून द्यायचं होतं. अगदी मेखासुद्धा.

ही यादी वाचताना मला इंग्लंडमधला एक पाइप ऑर्गन आठवतो. रॉबर्ट डॅलम यांनी तो 1631 च्या सुमारास ऑक्सफर्डच्या मॅग्डालेन कॉलेजसाठी बांधला. पुढे यादवी युद्ध झालं. 1644 मध्ये पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा हुकूम दिला आणि अनेक ऑर्गन मोडले गेले. हा मात्र क्रॉमवेलच्या काळात हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात गेला. राजेशाही परतल्यावर तो पुन्हा ऑक्सफर्डला आला आणि 1737 मध्ये ट्यूक्सबरी ॲबीत पोहोचला. तिथेही त्याची अनेकदा पुनर्बांधणी झाली. 1997 मध्ये केनेथ जोन्स यांनी मोठं काम केलं. त्यातले काही जुने पाइप आजही वाजतात.

पाइप ऑर्गन अखंड उचलून नेता येत नाही. प्रत्येक पाइप बाहेर काढून, त्यावर खूण करून, जपून बांधावा लागतो. एकेका पाइपातून एकच सूर निघतो, म्हणून एक हरवला की तो सूर गेलाच. नव्या जागी नुसतं जोडूनही भागत नाही. छत वेगळं, भिंती वेगळ्या, आवाज वेगळा घुमतो. मग कारागीर पाइपाच्या तोंडाशी थोडं थोडं काम करतो, वाऱ्याचा दाब बघतो, पुन्हा ऐकतो. याला वेळ लागतो.

तुमच्यापैकी किती जण नोकरीसाठी गाव सोडून शहरात आलात! इथली मंडळी ओळखत नाही, गाणी वेगळी, म्हणून दर रविवारी रूमवर मोबाइलवर गावच्या चर्चची उपासना बघता. मीही वर्षभर तेच केलं. वाटायचं, आपण सुटे झालोय, आपला सूर कुठेच लागत नाही.

पण ज्या देवाने मेखांची नोंद ठेवली, त्याने मरारीच्या लोकांना ओझं वाहायला चार गाड्या आणि आठ बैलही दिले (गणना 7:8). तो तुम्हाला वाटेत विसरेल का?

या रविवारी एक करा. जवळच्या मंडळीत जा आणि उपासनेनंतर लगेच निघू नका. निदान एकाशी तरी बोला.

प्रार्थना : प्रभू, नव्या जागी मला तुझ्या हाताने जुळव. वेळ लागला तरी मला धीर दे. आमेन.