हृदय नवे, मन तेच

हृदयरोपणाची बातमी आली की आपण ती कौतुकाने वाचतो. पोलिसांनी मोकळा करून दिलेला रस्ता, धावणारी रुग्णवाहिका, यशस्वी झालेली शस्त्रक्रिया! काही आठवड्यांनी रुग्ण घरी जातो आणि बातमी संपते. त्याची व त्याच्या घरच्यांची खरी कसोटी मात्र तेथून पुढे सुरू होते.

मुंबईचा या शस्त्रक्रियेशी संबंध जुना आहे. डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊन येथे माणसाचे हृदय माणसाला बसवणारे पहिले हृदयरोपण केले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिला प्रयत्न केला. तो रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा देशात १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी हृदयरोपण केले. मुंबईला मात्र २०१५ च्या ऑगस्टपर्यंत थांबावे लागले. मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने पुण्याहून आलेले हृदय एका तरुणाला बसवले. १९६८ साली प्रश्न होता, रुग्ण जगेल का? आज प्रश्न आहे, तो कसा जगेल?

शरीरात काय बदलते?

हृदय काढताना त्याच्या मज्जातंतू तुटतात. त्यामुळे नवे हृदय विश्रांतीतही मिनिटाला साधारण ९० ते ११० ठोके देते. जिना चढू लागल्यावर त्याचा वेग लगेच वाढत नाही आणि थांबल्यावर लगेच कमीही होत नाही. म्हणून चालण्याचा व्यायाम हळू सुरू करावा व हळूच थांबवावा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा हृदयाला रक्तपुरवठा कमी पडला तरी छातीत दुखेलच असे नाही. 'दुखत नाही, मग तपासणी कशाला?' हा विचार म्हणूनच घातक ठरतो.

शरीर परके हृदय नाकारू नये यासाठी टॅक्रोलिमससारखी औषधे जन्मभर, ठरल्या वेळी घ्यावी लागतात. सोबतच्या स्टिरॉइडमुळे चेहरा सुजतो, भूक वाढते, झोप उडते, चिडचिड होते. टॅक्रोलिमसने हात थरथरू शकतात. पूर्वी शांत असलेला माणूस भांडू लागला तर तो त्याचा स्वभाव नसून औषधाचा परिणाम असू शकतो. डॉक्टरांना सांगावे, गोळी मात्र मनाने बंद करू नये.

मनावरचे ओझे

'मी जगावे म्हणून कोणीतरी मेले' ही खंत अनेक रुग्णांना आतून पोखरते. त्यांना एकच सांगावे : दात्याचा मृत्यू तुमच्यामुळे झालेला नाही. तो अपघाताने वा आजाराने झाला. त्याच्या आप्तांनी त्या दुःखातही दानाचा निर्णय घेतला, एवढाच तुमचा त्याच्याशी संबंध. दात्याची ओळख गुप्त ठेवली जाते, तीही दोन्ही घरांच्या भल्यासाठीच.

दात्याचा स्वभाव आपल्यात येईल का, असेही काहीजण विचारतात. आपल्या भाषेत माया, धैर्य, दुःख सारे काळजात राहते खरे. पण प्रत्यक्षात या भावनांचे घर मेंदू आहे. हृदय हा रक्त पुढे ढकलणारा स्नायू आहे. तुमची माया तुमचीच राहते.

शिवाय प्रत्येक तपासणीपूर्वीची धास्ती, औषधांचा खर्च, नोकरीची चिंता आणि घरात आपण ओझे झालो ही भावना असतेच. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासपणा, झोप न लागणे, कशातच रस नसणे अशी लक्षणे दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. यात लाज कसली? खिन्न माणूस गोळ्या चुकवतो आणि चुकलेल्या गोळ्यांनी हृदय नाकारले जाऊ शकते. म्हणजे मनाचा उपचार हा हृदयाचाच उपचार आहे. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत सल्ला मिळतो.

उपनगरातील दिनचर्या

अंधेरी, घाटकोपर वा बोरिवलीत राहणाऱ्या रुग्णाने काही पथ्ये पाळावीत.

१. गर्दीच्या वेळी लोकल टाळावी; प्रवासात मास्क वापरावा.
२. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालू नये. लेप्टोचा धोका असतो.
३. खिडकीतील कबुतरांची विष्ठा स्वतः साफ करू नये. तिच्यातील बुरशीमुळे फुप्फुसांना व मेंदूला संसर्ग होऊ शकतो.
४. उघड्यावरची पाणीपुरी, कापलेली फळे, न तापवलेले दूध वर्ज्य.
५. पपनस खाऊ नये. त्याने औषधाची रक्तातील पातळी वाढू शकते. काढे व चूर्णेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.
६. ताप आल्यास घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा.

घरच्यांनी काय करावे?

रुग्णाला काचेच्या भांड्यासारखे जपू नये. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्याला भाजी निवडू द्या, हिशेब पाहू द्या, कामावर जाऊ द्या. घरच्या निर्णयात त्याचे मत विचारा. उपयोगी पडतो आहोत, ही जाणीव मोठे औषध आहे. मात्र शुश्रूषा करणारी पत्नी किंवा आई स्वतःची झोप आणि जेवण विसरते, तिच्याकडेही कोणीतरी लक्ष द्यावे. आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या नातेवाइकाने रुग्णाजवळ बसून तिला मोकळीक दिली, तरी मोठा आधार होतो.

हृदय मिळाल्यावर अनेक रुग्ण दहा वर्षांहून अधिक काळ जगतात. ती वर्षे भीतीत न जाता कामात, माणसांत, हसण्यात जावीत, यासाठीच तर हा सारा खटाटोप आहे.