श्वानप्रदर्शन आणि साखळी धरणाऱ्याचे उत्तरदायित्व

महाराष्ट्रात यात्रा आणि पशुप्रदर्शन यांचे नाते जुने आहे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्यात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत घोडे व कोंबड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरविण्यात येते. खंडोबाच्या परिवारात घोड्याप्रमाणेच कुत्र्यालाही स्थान असल्याने या प्रथेत औचित्यही आहे. अलीकडे कृषी प्रदर्शनांच्या जोडीने श्वानस्पर्धा घेण्याकडेही कल दिसतो. पशुपालनाविषयी आस्था वाढविण्याच्या दृष्टीने ही गोष्ट स्वागतार्ह होय. तथापि घोडा किंवा बैल पाहताना प्रेक्षक आपोआप चार पावले दूर उभा राहतो; कुत्र्याच्या बाबतीत मात्र लहान मुलेदेखील बेधडक हात पुढे करतात. या फरकाचा विचार आयोजनात क्वचितच केला जातो.

संघटित स्वरूपाचे पहिले श्वानप्रदर्शन इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले. तेव्हापासून केनेल क्लबांच्या प्रदर्शनांसाठी सविस्तर नियम तयार होत गेले. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमानुसार प्रदर्शनात माणसावर किंवा दुसऱ्या कुत्र्यावर हल्ला करून इजा करणारा कुत्रा धोकादायक असल्याचे आयोजन समितीचे मत झाल्यास तो अपात्र ठरविला जातो आणि ही अपात्रता रीतसर उठविली जाईपर्यंत त्याला स्पर्धेत उतरता येत नाही. गावपातळीवरील प्रदर्शनात असा लेखी नियम बहुधा नसतो. तेथे सारी भिस्त असते ती साखळी धरणाऱ्या हातावर.

मुळात एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. कुत्रा जितका कडक तितका तो जातिवंत, अशी समजूत ग्रामीण आणि शहरी अशा दोन्ही भागांत आढळते. रिंगणात शेजारच्या कुत्र्यावर झेप घेणाऱ्या जनावराचे त्याचा मालक कौतुकाने वर्णन करतो आणि भोवतालचे लोकही टाळ्या वाजवितात. शेतावर राखण करणाऱ्या कुत्र्याने अनोळखी माणसावर भुंकावे, हे त्याचे कामच आहे. परंतु प्रदर्शनात सारेच अनोळखी असतात. तेथे परीक्षक त्याचे दात पाहणार, पाठीवरून हात फिरविणार, सांधे चाचपणार. हे स्पर्श शांतपणे सहन करणे हाही गुणच आहे. ज्या कुत्र्याला तो शिकविलेला नाही, त्याची छाती कितीही रुंद असली तरी त्याला रिंगणात आणणे हा मालकाच्या निर्णयातील दोष होय.

कुत्रा अगोदर सांगतो

‘एकाएकी चावला, कधी असे करीत नाही’ हे वाक्य प्रत्येक दुर्घटनेनंतर ऐकू येते. प्रत्यक्षात चावा बहुधा एकाएकी होत नाही. अंग ताठ होणे, हालचाल क्षणभर थांबणे, नजर एकाच ठिकाणी खिळणे, ओठ उचलणे, पाठीवरचे केस उभे राहणे, गुरगुरणे या खुणा त्यापूर्वी दिसतात. भयापोटी चावणारा कुत्रा वेगळा वागतो. तो तोंड फिरवितो, शेपटी पोटाखाली घेतो, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दाखवितो आणि मागे सरकण्यास जागा उरली नाही की मग दात लावतो. शेपटी हलत असली म्हणजे कुत्रा खुशीत आहे, असेही खात्रीने समजू नये. ताठ उंचावलेली, वेगाने हलणारी शेपटी उत्तेजित अवस्थेचीही खूण असते. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणे ही तर मोठीच चूक आहे. त्यामुळे राग किंवा भीती जात नाही, केवळ पूर्वसूचना देण्याची सवय जाते.

रिंगणात कुत्रा फिरविणाऱ्या व्यक्तीला हस्तक म्हणतात. या खुणा ओळखणे हे तिचे पहिले काम होय. समोरून दुसरा कुत्रा येताच घाबरून साखळी आवळली की तो ताण कुत्र्यालाही कळतो आणि त्याची अस्वस्थता वाढते. अशा वेळी शांतपणे वळून अंतर वाढविणे श्रेयस्कर असते. दोन कुत्र्यांना तोंडासमोर तोंड उभे करणे, हस्तकांनी आपसात गप्पा मारीत साखळ्या सैल सोडणे, माजावर आलेली कुत्री नरांच्या घोळक्यातून नेणे, ही भांडणाची हमखास निमित्ते होत. चाळीस किलो वजनाच्या कुत्र्याची साखळी दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन छायाचित्र काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळला पाहिजे. भांडण जुंपलेच, तर दोन जबड्यांच्या मध्ये हात घालू नये. अशा प्रसंगी सर्वाधिक जखमा सोडवणाऱ्यालाच होतात.

मालक, हस्तक आणि कायदा

मालक स्वतःच हस्तक असेल तर प्रश्न सोपा असतो. परंतु कुत्रा गड्याच्या, भाच्याच्या किंवा मोबदला घेणाऱ्या हस्तकाच्या हाती दिला असता जबाबदारी कोणाची, असा वाद उद्भवतो. भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील कलम २९१ या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या कब्जातील प्राण्यापासून मानवी जीवितास किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका टळेल, अशी पुरेशी खबरदारी जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कलमातील शब्द ‘मालकी’ नसून ‘कब्जा’ हा आहे. त्यामुळे ‘कुत्रा माझा नव्हे’ एवढे म्हणून साखळी धरणाऱ्याला सुटता येईलच असे नाही. प्रत्यक्ष चावा झालाच पाहिजे, अशीही अट या कलमात नाही.

याचा अर्थ मालक मोकळा झाला, असा नव्हे. कुत्र्याचा पूर्वेतिहास केवळ त्यालाच ठाऊक असतो. कुत्रा पूर्वी कोणाला चावला आहे काय, पुरुषांना, मुलांना वा काठीला बिचकतो काय, हे हस्तकाला आणि आयोजकांना सांगणे त्याच्यावर बंधनकारक मानले पाहिजे. बक्षिसाच्या आशेने ही माहिती दडविणारा मालक हस्तकालाही संकटात लोटतो. शिवाय आक्रमकता घरातच घडत असते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार सतत साखळीला बांधून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम देण्यात मालकाने हयगय करणे हा अपराध आहे. वर्षभर खुंट्याला बांधलेला कुत्रा एके दिवशी हजारोंच्या गर्दीत नेला, तर त्याने शहाण्यासारखे वागावे ही अपेक्षा अवास्तव ठरते.

काहींच्या मते विशिष्ट जातींवर बंदी हाच उपाय होय. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये २३ जातींसंबंधी परिपत्रक काढले होते. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेतल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिल २०२४ मध्ये रद्द केले. जबड्याची ताकद जातीनुसार बदलते, हे खरे. परंतु संगोपन, सहवास आणि साखळीवरील हात यांचा प्रभाव कोणत्याही यादीत मावणारा नाही.

आयोजकांनी काय करावे

ग्रामपंचायत किंवा पंचायत समिती प्रदर्शन भरविते, तेव्हा जागेची आखणी तिच्या हाती असते. प्रेक्षक आणि रिंगण यांच्यामध्ये दुहेरी दोर असावा, येण्याचा व जाण्याचा मार्ग वेगळा असावा, दोन स्पर्धक कुत्र्यांत निदान दोन-तीन मीटर अंतर राहावे, सावली व पाणी मुबलक असावे. उन्हात तासन् तास ताटकळलेला कुत्रा लवकर चिडतो. मुसके घालावयाचे असल्यास ते जाळीचे असावे. फडक्याने आवळलेल्या तोंडाने कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. गैरवर्तन करणाऱ्या कुत्र्याला बाहेर काढण्याचा परीक्षकाचा अधिकार नोंदणीच्या वेळीच लेखी मान्य करून घ्यावा. कुत्रा सरपंचांच्या नातलगाचा असला तरी हा अधिकार चालला पाहिजे, हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये.

रेबीज प्रतिबंधक लसीचा दाखला पाहिल्याशिवाय प्रवेश देऊ नये. पहिली लस टोचल्यानंतर प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात; म्हणून प्रदर्शनाच्या दरवाजावर लस टोचून आत सोडण्याने काही साधत नाही. पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या साहाय्याने महिनाभर आधी लसीकरण शिबिर घेणे अधिक उपयुक्त ठरेल.

इतके करूनही चावा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद यांपैकी काहीही लावू नये आणि रुग्णास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. कुत्र्याला लस दिलेली होती, या कारणास्तव डॉक्टरांचा सल्ला लांबणीवर टाकू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर तो बहुधा प्राणघातकच ठरतो. चावलेल्या कुत्र्याला संतापाने मारून टाकणे सर्वथा अनुचित होय. त्याला बांधून दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवावे लागते आणि त्या काळात तो निरोगी राहिला किंवा कसे, यावर रुग्णाच्या पुढील उपचाराविषयी डॉक्टरांना निर्णय घेता येतो. यात्रा उठल्यावर मालक परगावी निघून जातो. नोंदवहीत मालक व हस्तक या दोघांचेही नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक नसेल, तर हे दहा दिवसांचे निरीक्षण कोणी करावयाचे, असा प्रश्न जखमीच्या घरच्यांपुढे उभा राहतो. म्हणून नोंदवहीतील हे रकाने पूर्ण भरल्याखेरीज रिंगणात जाण्याचा बिल्ला देऊ नये.